वाढप्यांची पंगत

आमचे बाळारामकाका उभ्याने जेवतात. घाई असते, गाडी सुटायची असते, असं काही नाही. माणूस घरात, पंखा चालू, पाट मांडलेला, तरी उभ्याने. ताट कधी फ्रिजवर, कधी खिडकीच्या कट्ट्यावर, कधी अंगणातल्या स्कूटरच्या सीटवर. एक घास तोंडात टाकला की आमटीचं पातेलं घेऊन निघाले दुसऱ्याच्या पानाकडे. पाहुणा ओशाळून म्हणतो, "काका, तुम्ही पण बसा ना." काका म्हणतात, "तू जेव रे. माजं चाललंय." कसलं चाललंय! आपण हात धुवून येतो तेव्हा काकांच्या ताटातला भात जसाच्या तसा असतो आणि त्यावरच्या आमटीला साय आलेली असते.

काका भिवंडीजवळच्या पूर्ण्याचे. जिथे त्यांची भातशेती होती तिथे आता गोदामं आहेत, आणि गोदामांच्या मधल्या फटीत काकांचं घर आहे. पण त्यांची ओळख जमिनीची नाही. खारबावपासून कशेळीपर्यंत लग्न कुणाचंही असो, मांडवात भाताची परात काकांच्या हातात. कुणी बोलावलंय का, विचारायची सोय नव्हती. पत्रिका आली नाही तरी काका यायचे, आणि आले नाहीत तर पत्रिका घेऊन यजमान धावत यायचा. वाढपाचं शास्त्रच होतं त्यांचं. "नको म्हनतो त्यो लाजतोय. बस म्हनतो त्यो अर्धा जेवलाय. आन् जो पानावर आडवा हात धरतो, त्याला जरा थांबून वाढायचा." या शास्त्रापायी मी स्वतः दोन वेळा हळदीतून पोट धरून घरी आलेय.

गावाकडची रीत तुम्हाला सांगायला हवी. सगळ्या पंगती उठल्या, वऱ्हाड आडवं झालं, की शेवटची पंगत बसते ती वाढप्यांची आणि चुलीवरच्या माणसांची. तिथे यजमान स्वतः वाढतो. गडी नाही, बाई नाही, मोठा नाही, धाकटा नाही. ज्याने त्या दिवशी घाम गाळला तो पानावर. काका त्या पंगतीला मात्र बसायचे. तेवढ्याच.

मग बायपासला लॉन झाले, केटरर आले, गळ्यात बो बांधलेली पोरं आली, आणि बघता बघता सगळा तालुकाच उभ्याने जेवायला लागला. खरं तर काकांना आनंद व्हायला हवा होता! पण एका लग्नात ते सवयीने बुफेच्या पलीकडे जाऊन डाव घेऊन उभे राहिले, तेव्हा केटररच्या माणसाने अगदी आदबीने विचारलं, "अंकल, आपकी प्लेट कहाँ है?" काकांनी डाव खाली ठेवला आणि तसेच घरी आले. त्याच सुमारास काकीही गेली. त्यानंतर काका वाळतच चालले.

म्हणून आम्ही क्रूझला जायचं ठरवलं तेव्हा काकांची सून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, मामंजींना न्या. फिरवू नका, दाखवू नका काही. फक्त त्यांना बसवून जेवायला घाला. एकदा तरी. डॉक्टर मला ओरडतात हो." मी म्हटलं, एवढंच ना? मी प्राथमिक शाळेची बाई. वर्गभर पोरांना भाजीसकट डबा संपवायला लावते. एका काकाची काय कथा!

कथा बंदरावरच सुरू झाली. काकांनी सोबत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीच्या चटणीचा डबा घेतला होता. बाहेरचं अन्न चालत नाही, असं तिथला माणूस म्हणाला. त्याने डबा उघडला आणि उघडला त्याच्या दुप्पट वेगाने बंद केला. काका त्याला समजावत होते, "खाऊन तर बघ. बायको सोडून जाईल, पर चव न्हाय जायची." मागे रांग खोळंबली. आमचे हे म्हणजे माझे मिस्टर तर आपण या माणसासोबत नाहीच, असा चेहरा करून समुद्र बघत राहिले. चटणी जप्त झाली आणि आम्ही जहाजावर चढलो.

जहाज म्हणजे काय, आमचं अख्खं मार्केट उचलून पाण्यावर ठेवलं असतं तरी जागा उरली असती. आणि काम करणारी माणसं कुठकुठची! प्रत्येकाच्या छातीवर नाव आणि खाली देश. काका चष्मा वर करून एकेकाची छाती वाचायचे आणि मला विचारायचे, "ह्यो केनिया कंच्या बाजूला?" मी सांगितलं, समुद्र ओलांडून समोर. "म्हंजे शेजारीच की," काका म्हणाले, आणि त्या क्षणापासून केनियाचा जोसेफ आमचा शेजारी झाला.

पहिल्या रात्री जेवायला मोठ्या हॉलमध्ये गेलो. झुंबरं, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, एकेका पानापाशी काटे-चमच्यांची पलटण. आमच्या टेबलाला मारिसेल नावाची फिलिपिन्सची मुलगी होती. तिने हसत खुर्ची मागे ओढली, काका नाइलाजाने टेकले, आणि तिने झटकन त्यांच्या मांडीवर नॅपकिन अंथरला. काका ताडकन उठले. "अगो पोरी, मी काय बाळ हाय काय?" मी दातओठ खाऊन म्हटलं, "काका, बसा." बसले. मला वाटलं, जिंकले मी.

सूप आलं. काकांनी हात लावला नाही. पाव आला, भात आला, मासा आला. मारिसेलने विचारलं, आवडलं नाही का? काका म्हणाले, "लय झकास दिसतंय. पंगत उठू दे." मला वाटलं, काहीतरी पुटपुटतायत. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी ग्लास रिकामा दिसला आणि काका गेले! जोसेफच्या हातातला पाण्याचा जग घेतला आणि टेबलामागून टेबल पाणी वाढत सुटले. एका सुरतेच्या काकूंनी त्यांना कांदा-लसूण नसलेली भाजी मागितली, ती त्यांनी आणून दिली. वर "पोटभर खा" म्हणून दोनदा वाढली. जोसेफ बिचारा रिकाम्या हाताने त्यांच्या मागे मागे फिरत होता. आमचे हे तिसरं आइस्क्रीम खात म्हणाले, "तुझ्या काकांना नोकरी लागली बघ."

हॉल रिकामा झाला. वेटर टेबलं आवरायला लागले. काका हात धुवून आले, बाह्या मागे सारल्या आणि मला म्हणाले, "चल, आता आपली. ह्यांना सांग, बसा सगळे एका रांगेत. मी वाढतो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काका वाढप्यांच्या पंगतीची वाट बघत होते! लग्नघरासारखंच हे जहाज. आधी पाहुणे जेवणार, मग वाढणारे बसणार, आणि त्यात आपण.

हॉलची मुख्य होती ओलेना, युक्रेनची. उंच, केसांचा घट्ट अंबाडा, शिस्त अशी की आमच्या हेडमास्तरांनी शिकवणी लावावी. मी तिला इंग्रजीत सगळं समजावलं. तिने शांतपणे सांगितलं, आमचे लोक खाली जेवतात, आपापल्या पाळीप्रमाणे, कुणी आत्ता, कुणी नंतर. पाहुण्यांना खाली जाता येत नाही आणि आम्हाला पाहुण्यांबरोबर बसता येत नाही. मी काकांना तेच मराठीत सांगितलं. काकांचा चेहरा असा पडला की मलाच गुन्हेगार वाटायला लागलं.

"एकत्र न्हाय बसत?"

"नाही काका."

"कदीच?"

"पाळ्या असतात त्यांच्या."

"मंग वाढून उपेग काय?" काका म्हणाले, आणि खोलीत जाऊन एक केळं खाल्लं. अर्थात उभ्याने.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी वेगळाच उद्योग काढला. दिसेल त्या कर्मचाऱ्याला विचारायचं, "जेवलास का?" लिफ्टमध्ये, डेकवर, पोहण्याच्या तलावापाशी. गालिचा साफ करणाऱ्याला थांबवून, "जेवलास का?" खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावलेला कुणी बडा अधिकारी चालला होता, त्यालाही सोडलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आमच्याकडे नमस्कार असाच करतात. आता हे खोटं तरी कुठे होतं?

संध्याकाळपर्यंत बातमी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचली. मग काय विचारता! काका जातील तिथे जोसेफ लांबून ओरडायचा, "काका, जेवलास का?" त्याचं बघून दुसरे. आदरार्थी-बिदरार्थी कुणाला माहीत. पेरूपासून इंडोनेशियापर्यंत सगळ्यांनी काकांना अरे-तुरे सुरू केलं आणि काका हरखून टाळ्या देत सुटले. इतकं खळखळून हसताना मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. पण जेवायचं नाव काढलं की, "माजं चाललंय." डेकवरच्या बुफेत प्लेट घेऊन उभे राहायचे, दोन घास खायचे आणि उरलेलं चिवडत बसायचे, चुकले, चिवडत उभे राहायचे. मी रागावले, लाडीगोडी लावली, सुनेला फोन लावीन म्हणून धमकी दिली. वर्गातली पोरं बरी हो, निदान रडतात तरी.

मग मारिसेलची गोष्ट कळली. काकांनी तिला नेहमीप्रमाणे छेडलं, नवरा काय करतो, कुठे असतो? ती म्हणाली, इथेच, याच जहाजावर. जोएल नाव. खाली बेकरीत रात्रभर पाव भाजतो. ती सकाळी कामावर निघते तेव्हा तो येऊन झोपतो, आणि ती रात्री परत येते तेव्हा तो निघालेला असतो. खोली एकच. कधी कधी उशीवर एकमेकांसाठी बिस्किटं ठेवतात. हे सगळं तिने हसत हसत सांगितलं, नव्या मालिकेची गोष्ट सांगावी तसं.

मी मराठीत सांगून संपवेपर्यंत काकांना सगळं समजलं होतं. भिवंडीच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. "आपल्या लूमवाल्यांचीच गत," ते म्हणाले. "एक खाट, दोन शिफ्ट. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला आडवा. पर ते परके लोक असतात गो. हे तर नवराबायको." मग त्यांनी मला विचारायला लावलं, "शेवटचे एकत्र कवा जेवलात?"

मारिसेल आठवायला लागली. आठवता आठवता तिचं हसू थांबलं. "या जहाजावर? अजून नाही," ती म्हणाली आणि घाईघाईने प्लेटा उचलून गेली.

काकांनी बाह्या मागे सारल्या. मग म्हणाले, "त्या अंबाडेवालीकडे चल."

"काका, ती ऐकायची नाही."

"तू सांग तर. मी बोलतो, तू फकस्त विंग्रजी कर."

ओलेना टेबलांवर काटे लावत होती. काका तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "पोरी, मीबी पंगतीचा मुकादम व्हतो. चालू पंगतीत वाढप्याला सोडायचा म्हंजे जीव कसा घाबरा व्हतो, मला ठाव हाय. पर उद्या गोव्याला जहाज लागंल. एक दुपार मारिसेलला आन् तिच्या नवऱ्याला दे. मी जेवू घालतो." मी सांगितलं. शेवटी माझ्या मनाचं एक वाक्य घालणार होते, तोच ओलेनाने काकांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "पहिल्या दिवसापासून बघतेय. हा माणूस काहीच खात नाही. त्या दिवशी तरी हा जेवेल का?"

"जेवेल," मी काकांना न विचारता सांगून टाकलं.

ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतताना मारिसेल माझ्या कानाशी कुजबुजली की दुपारच्या पाळीत तिच्या जागी दुसरी मुलगी उभी राहणार आहे.

गोव्याला उतरून बंदराजवळच एक खानावळ सापडली. मालकीणबाई चांगल्या जाडजूड आणि हसऱ्या. काकांनी आत पाऊल टाकताच फर्मान काढलं, टेबलं भिंतीला लावा. "पंगत म्हंजे रांग. समोरासमोर बसतात त्याला मीटिंग म्हनतात." केळीची पानं मागवली आणि जमिनीवर ओळीने मांडली. बाईंच्या हातून भाताचं पातेलं काढून घेतलं. बाई आधी चिडल्या, मग काकांचा वाढतानाचा हात बघून गप्प झाल्या आणि आमटी घेऊन मागे आल्या.

जोसेफ आला, फुलाफुलांचा शर्ट घालून. मारिसेल आली. जोएल आला, बुटका, गोल चेहऱ्याचा, डोळ्यांवर झोप, पण भांग नीट पाडलेला. आणि सगळ्यात शेवटी, मी तर ओळखलंच नाही, केस मोकळे सोडलेली ओलेना आली. आमच्या ह्यांचा पाण्याचा ग्लास तोंडाशीच थांबला. मी कोपर मारलं.

काकांनी जोएलला मारिसेलच्या बाजूला बसवलं, अगदी खेटून, आणि सुरू झाले. "भात घ्या, भात! हात आखडू नका!" तो आवाज मी कित्येक दिवसांनी ऐकला. कशेळीच्या मांडवात घुमायचा ना, तोच. ओलेनाने पानावर आडवा हात धरला. काका थोडं थांबले आणि वाढलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. जोसेफ हाताने भात कालवत म्हणाला, आमच्याकडेही असंच खातात. काका म्हणाले, "मग! शेजारी न्हाय काय आपन?"

जोएल फार बोलत नव्हता. त्याने आपल्या पानातला मासा घेतला, काटे एकेक करून काढले आणि साफ तुकडा मारिसेलच्या पानात ठेवला. तिने तो खाल्ला आणि न बघताच आपल्या पानातलं लिंबू त्याच्या भातावर पिळलं.

काका पातेलं धरून तिथेच थबकले. डाव हातात तसाच.

मी उठून जवळ गेले. "काका, आता तुम्ही बसा. मी शब्द दिलाय."

ते म्हणाले, "तुला ठाव हाय, मी वाढायला कशाला जायचो?"

मी म्हटलं, "हौस."

"हौस कसली गो! घरात आबा, दोन मोठे भाऊ. आधी पुरुष बसायचे, मागून बायका. बायकोच्या बाजूला पान मांडायची काय बिशाद व्हती? पर लग्नाघरी तुजी काकी भाताच्या चुलीवर असायची. आन् वाढप्यांच्या पंगतीत कोन कोनाच्या बाजूला बसलं, ते कोन बघत न्हवता. तेवढ्यासाठी मी तालुकाभर परात घेऊन हिंडलो."

मी सगळ्यांसारखीच हसत आले होते त्यांना. मला तिथेच भर खानावळीत रडू आलं, आणि आमच्या ह्यांनी गुपचूप रुमाल पुढे केला. "आणि नंतर?" मी विचारलं. "भाऊ वेगळे झाल्यावर, घरात दोघंच होता तेव्हा?"

"तवा सवय मोडली न्हाय. ती म्हनायची, तुमी जेवून घ्या, मी मागून बसते. मी म्हनायचो, बरं." काकांनी डाव पातेल्यात ठेवला. "एकदा म्हनायला पायजे व्हतं, बस गो बाजूला. न्हाय म्हनलो."

हे मराठीतलं बोलणं त्या चौघांना काय कळणार? पण मारिसेल जरा सरकली. तिने जोएलला ढकललं, जोएलने जोसेफला, आणि रांगेत एका माणसाची जागा झाली. खानावळीच्या बाईंनी तिथे पान टाकलं, पाणी शिंपडलं. "काका, बसात मरे," त्या म्हणाल्या. पातेलं माझ्या हातात आलं.

काका बसले. अवघडून, गुडघ्यावर हात टेकून, पण बसले. मी वाढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना वाढत होते आणि घाईत आमटी पानाबाहेर गेली. "हळू गो," ते म्हणाले, "पान पळत न्हाय."

पहिला घास घेण्याआधी ते जोएलकडे वळले. "ह्याला सांग. रोज न्हाय जमायचं. पर जवा जमंल तवा समोर नको बसू. बाजूला बस. समोर बसलं की नुसतं तोंड दिसतं. बाजूला बसलं की जेवताना कोपर लागतं."

मी सांगितलं. जोएलने होकाराची मान हलवली.

काकांनी भात कालवला. मग काय वाटलं कोण जाणे, आपलं पान दोन बोटं उजवीकडे ओढलं, डावीकडे थोडी जागा केली, डावं कोपर किंचित बाहेर काढलं आणि शांतपणे जेवायला लागले.